बॉडी म्हणजे काय?

चूक रंगराव शेवाळेंचीच होती. शाळेत मुलींना संडास नाही म्हणून नववीतून घरी बसलेल्या पोरीला भरसभेत इंग्रजी विचारायची त्यांना काय गरज होती?

रंगराव शाळा चालवणाऱ्या संस्थेचे चेअरमन. संस्थेच्या कमिटीला ते रुबाबात 'बॉडी' म्हणत. वार्षिक सभेत संडासाचा विषय निघाला की त्यांचं ठरलेलं उत्तर, "बॉडी विचार करेल."

यंदा ती घरी बसलेली पोरगी, कावेरी, उठली. तिची धाकटी बहीण जूनमध्ये त्याच शाळेत जायची होती, आणि बाप आत्तापासूनच तिलाही घरी बसवायचं म्हणत होता.

"झाला का विचार करून, चेअरमनसाहेब?"

"तुला कुणी बोलावलं गं? शाळा सोडलेल्या पोरींनी शहाणपण शिकवू नये. बॉडी म्हणजे काय, एवढं तरी कळतं का?"

पुढच्या रांगेतले म्हातारे खी खी हसले. त्यांच्याच नाती त्या शाळेत होत्या, तरी हसले.

"कळतं की," कावेरी म्हणाली. "आजोबा गेले तेव्हा दवाखान्यात सांगितलं, बॉडी घेऊन जा. कितीही रडा, जी ऐकत नाही, बोलत नाही, ती बॉडी. जास्त दिवस ठेवली तर वास सुटतो. आणि चौघांनी उचलल्याशिवाय ती जागची हलत नाही."

"मग उचला की!" मागं बसलेल्या सभासद बायका ओरडल्या.

नव्या कमिटीची निवड त्याच सभेत होती. हात वर झाले. रंगरावांची अठरा वर्षांची चेअरमनकी गेली.