वास कुंपणाच्या अलीकडेच!

"कुंपण गुडघ्याच्या वर जाता कामा नये. त्याला सुगंध हवा. आणि तो सुगंध कुंपणाच्या पलीकडे मुळीच जाता कामा नये!"

चंद्रकेतू महाराजांनी भर बागेत हुकूम सोडला आणि भिकोबा माळ्याच्या हातातलं खुरपं गळून पडलं. शेजारच्या वाफ्यात तण काढणाऱ्या त्याच्या सुनेनं, सगुणेनं, हळूच मान वर केली.

"सरकार," भिकोबा चाचरत म्हणाला, "वासाला का दावं बांधता येतं?"

"ते तू बघ! दसऱ्यापर्यंत जमलं तर ठीक. नाही तर तुझी ती मिशी भादरीन आणि मिशीसकट तुला... नव्हे, मिशीवाचून तुला राज्याबाहेर हाकलीन!"

आणि महाराज पाय आपटत निघून गेले.

महाराजांचा राग तसा नवा नव्हता. बागेच्या पलीकडे राणीसाहेबांच्या भावाचा, भुजंगरावांचा वाडा होता. या मेहुण्याची उंची ताडासारखी, आणि जीभ उंचीपेक्षा लांब. आधी महाराजांनी मधे मोगरा लावला, तर भुजंगरावांनी तबकभर पेढे धाडले. सोबत निरोप : "दाजी, खर्च तुमचा, झोप आमची! काय छान वास येतो हो!" चिडून महाराजांनी मोगरा उपटला आणि रातराणी लावली. ती वाढली डोक्याच्या वर. महाराज होते बुटके. ते फिरायला निघाले की कुंपणावरून नुसता पगडीचा तुरा दिसायचा. भुजंगराव गच्चीतून ओरडायचे, "अरे धावा! दाजींची पगडी एकटीच निघाली!"

म्हणून हा हुकूम. रातराणीही त्याच दिवशी तोडून झाली.

संध्याकाळी भिकोबा ओसरीवर मिशीला तेल लावत बसला, जणू तिला शेवटचं न्हाऊमाखू घालत होता.

"मामंजी, जेवून घ्या," सगुणा म्हणाली.

"कसलं जेवण, पोरी! मोगरा म्हण, जाई म्हण, कुंदा म्हण. कुठल्या फुलानं आजवर शेजार पाहून वास दिलाय?"

दारातल्या कुंडीतला मरवा खुडून सगुणा वेणीत गुंफत होती. सहज एक पान तिनं चिमटीत चुरडलं, नाकाशी नेलं, आणि एकदम खुदकन हसली.

"हसतेस काय? सासऱ्याची मिशी चाललीय!"

"मिशी कुठं जात नाही, मामंजी. फुलं नकोतच आपल्याला. उद्यापासून मरवा लावायचा. मधे मधे दवणा."

"अगं, त्याला कोण कुंपण म्हणेल?"

"सरकार म्हणतील!"

पावसाळाभर सासरा-सुनेनं रोपं जपली. वाढतील तशी कातरली, दाट केली. पण भिकोबाला रात्री स्वप्नात न्हावी दिसायचा तो दिसायचाच.

दसऱ्याला सकाळी महाराज आले. पलीकडे भुजंगराव आधीच कमरेवर हात ठेवून हजर होते. मधे गुडघ्याएवढी हिरवी रांग. एक फूल नाही, काही नाही. महाराजांनी लांब श्वास घेतला. वास नाही!

"दाजी," भुजंगराव ओरडले, "भाजी छान आलीय! जुडी कशी दिली?"

महाराजांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. "भिकोबा! न्हाव्याला बोलव!"

भिकोबानं दोन्ही हातांनी मिशी झाकली. सगुणा पदर खोचून पुढे झाली.

"सरकार, न्हावी येईपर्यंत जरा फिरून घ्या. कुंपणाला अगदी खेटून चाला."

"का?"

"हुकूम तुमचा होता, पाऊलही तुमचंच हवं."

महाराज कुरकुरत निघाले. अंगरख्याचा घेर पानांवरून सळसळत गेला आणि मरव्याचा गोड वास दरवळला! दवण्याचा त्यात मिसळला. महाराज थांबले, परत फिरले, पुन्हा गेले. मग चक्क उड्या मारत गेले.

"अहाहा! मेहुणे, येतोय का वास?"

भुजंगरावांनी नाक वर केलं, डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, जोरजोरात हुंगलं. त्यांना नुसती शिंक आली.

"कुठला वास? थापा मारता, दाजी!"

"याची पानं वास धरून बसतात, सरकार," सगुणा म्हणाली. "जो खेटेल त्यालाच देतात."

"असं होय?" भुजंगराव कुंपणापाशी आले. "मग आम्हालाही हात आहेत!"

पण हात पोचतो कुठं! एवढा उंच माणूस, त्यात पोट आडवं. ते वाकले, आणखी वाकले, पार कमरेतून दुमडले. मूठभर पानं चोळून त्यांनी नाकाला लावली. "वा! आला की वास!"

महाराज एकदम ओरडले, "सगुणे, हुकूम मोडला! वास पलीकडे गेला!"

"छे, सरकार! वास आहे तिथंच आहे. मेहुणेसरकारच नाक घेऊन अलीकडे आलेत! आणि बघा तरी, येताना तुम्हाला किती खाली वाकून मुजरा केलाय!"

महाराजांनी पाहिलं. भुजंगरावांचं डोकं त्यांच्या गुडघ्याशी होतं आणि ते वर येईना.

"दाजी..." खालून बारीक आवाज आला. "उसण भरली हो!"

महाराज असे हसले, असे हसले की शेवटी मरव्यातच जाऊन बसले आणि साऱ्या बागेत घमघमाट सुटला. डोळे पुसत त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणेला दिलं, पाटाच्या पाण्याखालचा मळा तिच्या नावे केला, आणि म्हणाले, "मेहुण्यांना कोणीतरी सरळ करा रे! पण सावकाश. मुजरा अजून पुरता घेऊन झाला नाही माझा!"