खचलेली बाजू

गाड्या एकमेकींशी बिनतारी बोलायला नुकत्याच शिकल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. दाट धुक्यात दुधाचा एक टँकर घाट चढत होता. इतक्यात वरून उतरणाऱ्या मालट्रकचा निरोप आला, "वळणावर रस्ता खचलाय. डावीकडे जाऊ नका!"

टँकर घाबरून उजवीकडे सरकला. तेवढ्यात पुढे चढून गेलेली जीप ओरडली, "उजवीकडे खचलाय, उजवीकडे!" टँकर पुन्हा डावीकडे आला. मग उतरणारा टेम्पो म्हणाला डावीकडे, चढणारी रिक्षा म्हणाली उजवीकडे. वळणाशी पोचेपर्यंत चौघे डावीकडे खचल्याचं सांगत होते आणि तिघे उजवीकडे.

"अरे, खोटं कोण बोलतंय?" टँकर रडकुंडीला आला. शेवटी "चौघांचं ऐकतो" म्हणत त्याने चाकं उजवीकडे वळवली. पोटातलं दूध डचमळलं.

मागून चढणारी म्हातारी एसटी खेकसली, "थांब रे बाबा! आधी विचार त्यांना, रस्ता दरीकडे खचलाय की डोंगराकडे?"

टँकरने विचारलं. मग सातही जण एकदम म्हणाले, "दरीकडे!"

टँकरच्या उजव्या चाकाखालून माती सुटायला लागली होती. तो कसाबसा डोंगराकडे सरकला.

"म्हणजे सगळे खरंच सांगत होते?" त्याने विचारलं.

"खरंच सांगत होते," एसटी म्हणाली. "पण तू चढतोयस की उतरतोयस, हे एकाने तरी विचारलं का तुला?"