हरलेल्यांचा सामना

मुलांनो, सागाच्या एका दाट जंगलात एक ससा राहत असे. त्याला प्रत्येक गोष्ट इतरांच्या आधी कळत असे, आणि बहुतेक वेळा ती चुकीची कळत असे. ओढ्याकाठच्या शाळेच्या फुटबॉल संघाचा तो कप्तान होता. त्याच संघात एक कासव गोलकीपर होते. ते सगळ्यात वरच्या वर्गात होते आणि उन्हाळा संपला की शाळा सोडून खालच्या नदीवर राहायला जाणार होते. चार वर्षे ते गोलात उभे राहिले, पण एकही चेंडू त्याला अडवता आला नव्हता. ते मान वळवून बघेपर्यंत चेंडू आत गेलेला असे. जाण्याआधी एक तरी चेंडू अडवावा, एवढीच बिचाऱ्याची इच्छा होती.

दर उन्हाळ्यात जंगलातल्या चार शाळांची स्पर्धा भरत असे. रिवाज सरळ होता. जिंकला तो पुढे खेळे, हरला तो पाणी पिऊन घरी जाई. त्या वर्षीही ओढ्याकाठची शाळा पहिल्याच दिवशी कोल्ह्याच्या संघाकडून पाच गोलांनी हरली. पाचही वेळा कासवाने मान वळवली आणि पाचही वेळा उशीर झाला. आता सगळे संपले असे समजून ते पाय कवचात ओढून घेऊ लागले. तेवढ्यात पंच असलेल्या हत्तीणबाईंनी जाहीर केले, की यंदापासून कोणी लगेच घरी जायचे नाही. जिंकलेले दोन संघ उद्या मोठ्या मैदानावर खेळतील आणि हरलेले दोन संघ तळ्याकाठच्या लहान मैदानावर एकमेकांशी खेळतील. बाईंनी वाळूत सोंडेने रेघा ओढून कोण कुठे जाणार तेही दाखवले. त्या रेघा बघून सगळ्यांची मती गुंग झाली. एकदा हरल्यावर पुन्हा कशाला खेळायचे? खरे सांगायचे तर मलाही ते पहिल्यांदा कळले नव्हते.

सशाला मात्र लगेच कळले. पाणवठ्यावर आपला संघ जमवून तो म्हणाला, "पोहण्याच्या शर्यतीत जो उत्तम पोहतो तो पहिला येतो. झाडावर चढण्याच्या शर्यतीत जो उत्तम चढतो तो पहिला येतो. मग हरलेल्यांच्या सामन्यात जो उत्तम हरेल तोच पहिला येणार."

यात काहीतरी चुकते आहे असे सगळ्यांना वाटले, पण काय चुकते ते कोणालाच सांगता येईना. कासवाने हळूच सुचवले, की एकदा बाईंना विचारून यावे. एवढी साधी गोष्ट विचारली तर बाई हसतील, असे सांगून सशाने त्याला गप्प बसवले. वर हुकूम दिला, की उद्या चेंडू आला की गोलातून बाजूला व्हायचे. कासव त्या दिवशी जेवले नाही. शेवटचा सामना मिळाला, आणि त्यातही अडवायचे नाही, याचे त्याला फार वाईट वाटले. ससा हे सांगत असताना पलीकडच्या काठावर एक मुंगूस पाणी पीत होते. ते दुसऱ्या हरलेल्या संघाचे, म्हणजे माळावरच्या शाळेचे कप्तान. सशाचा आवाज मोठा आणि मुंगसाचे कान तिखट. त्यानेही परत जाऊन आपल्या संघाला तोच धडा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हत्तीणबाईंनी मैदानाच्या मधोमध वेलींचा चेंडू ठेवला. कोणीच त्याला पाय लावीना. ससा म्हणे, आधी तुम्ही. मुंगूस म्हणे, छे, मान तुमचा. बघायला आलेल्या चितळांना वाटले, की हा काहीतरी नवा खेळ आहे. शेवटी सशाला युक्ती सुचली. त्याने चेंडू घेतला, गर्रकन वळला आणि सगळा जोर लावून आपल्याच गोलाकडे मारला. हुकमाप्रमाणे कासव बाजूला होऊ लागले. पण कासवाचे बाजूला होणे ते केवढे! एक पाय उचलून होतो न होतो तोच चेंडू पाठीवर आदळला आणि परत मैदानात गेला.

कासव जागच्या जागी थांबले. आपण चेंडू अडवला हे त्याला जरा वेळाने कळले आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. सशाने चिडून पुन्हा तसाच चेंडू मारला. या वेळी कासव हललेच नाही. ते गोलाच्या मधोमध घट्ट बसले आणि चेंडू कवचावर घेतला.

"बाजूला हो म्हणून सांगितले होते ना तुला?" ससा ओरडला.

"सांगितले होते," कासव म्हणाले, "पण मला गोलात अडवायला उभे केले आहे. दुसरे काही मला येत नाही."

तेव्हा कुठे हत्तीणबाईंनी खेळ थांबवून हा काय प्रकार आहे ते विचारले. सशाने आपले तर्कशास्त्र समजावून सांगितले. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "अरे, या सामन्यातही जिंकायचेच असते. ज्यांचे शाळेतले शेवटचे वर्ष आहे त्यांना आणखी एक डाव मिळावा, म्हणून मी तो ठेवला."

सशाचे दोन्ही कान खाली आले. मग खरा खेळ सुरू झाला. मुंगसाने एक गोल केला. थोड्या वेळाने त्याने दुसरा चेंडू मारला, पण या वेळी कासवाने मान आधीच वळवून ठेवली होती आणि तो अडवला. ओढ्याकाठची शाळा एका गोलाने हरली आणि चार संघांत चौथी आली.

परतताना ससा पार गोंधळून गेला होता. हरायला गेलो तेव्हा हरता आले नाही, जिंकायला गेलो तर हरलो. त्याने कासवाला विचारले, की आता यात आपले नेमके झाले तरी काय?

"ते बाईंना विचार," कासव म्हणाले. "मी तीन अडवले."

"त्यातले दोन तर मीच मारले होते."

"हो," कासव म्हणाले, "आणि तेच जास्त जोरात आले होते."

तात्पर्य : आपण कितवे येऊ हे आपल्या हाती नसते, पण समोर आलेला चेंडू अडवणे असते. आणि एखादी गोष्ट कळली नाही तर बाईंना विचारावी, सशाला नव्हे.