तिसरी रकात

खूप जुन्या काळी, वाळवंटाच्या कडेला एक राज्य होतं. तिथल्या मजलिसीत, म्हणजे सल्लागारांच्या सभेत, सुलतानाच्या डाव्या हाताला सात जण बसत. सुलतानाचं काही चुकलं की ते उठून सांगत. जुन्या सुलतानांना ते आवडायचं असं नाही, पण ते ऐकून घेत.

नवा सुलतान मोठा धर्मनिष्ठ, निदान तो स्वतः तरी तसं म्हणे. गादीवर येताच त्यानं दवंडी पिटवली, "मी दीनाचा, आपल्या धर्माचा, रखवालदार आहे. मला नाही म्हणणारा दीनाला नाही म्हणतो."

झालं! महिन्याभरात सातांपैकी सहा जण नाहीसे झाले. कुणाला घरातून उचललं, कुणाला भर बाजारातून. त्यांच्या बायका या तुरुंगाच्या दारातून त्या दारात हिंडत राहिल्या. शेजाऱ्यांनी त्यांना सलाम करणं सोडलं. लोक आपल्याच घरात कुजबुजत बोलू लागले, कारण कुणाचंच काही खरं नव्हतं.

सातवा होता एक म्हातारा शिक्षक. तो भर सभेत म्हणाला, "सुलतानही चुकू शकतो. न चुकणारा एक अल्लाच."

सुलतानानं त्याला काफिर ठरवलं आणि गरजला, "शनिवारी फाशी!"

शुक्रवारी शिक्षकाची बायको मशिदीत गेली. नमाज सुलतान स्वतःच पढवत असे. नमाज संपला की सुलतानाचे पाय धरायचे, नवऱ्याचा जीव मागायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

जुम्म्याच्या नमाजात दोनच रकाती, म्हणजे उभं राहण्या-वाकण्याच्या दोनच फेऱ्या. दुसरी झाली की बसायचं. पण सुलतानाचं लक्ष कुठं होतं कोण जाणे, तो तिसरीसाठी उभा राहिला. पुढचा चुकला तर मागच्यांनी टोकायचं, ही तर दीनाचीच शिकवण. पुरुषांनी तोंडानं, बायकांनी टाळी वाजवून. पण हजार पुरुष मुकाट्यानं उठून उभे राहिले.

बायकांच्या पडद्यामागून एक टाळी वाजली.

सुलतान दचकून खाली बसला. नमाज संपवून त्यानं विचारलं, "टाळी कुणी वाजवली?"

"मी, हुजूर." शिक्षकाची बायको पुढे आली.

सुलतान वजिराकडे वळला. "तुमच्या लक्षात आलं नाही?"

"आलं, हुजूर. पण आम्हाला वाटलं, आजपासून तीन असतील."

सुलतानाच्या मनात आलं, उद्या याहून मोठी चूक झाली तर? तो घाईघाईनं म्हणाला, "हिच्या नवऱ्याला सोडा. आत्ताच्या आत्ता!"

काझी पुढे होऊन म्हणाला, "हुजूर, त्याला आज पहाटे फाशी दिली."

"मी शनिवार म्हटलं होतं!"

"म्हणालात शनिवार. फर्मानावर आपल्या हातून शुक्रवार लिहिला गेला. आम्ही सगळ्यांनीच वाचला, हुजूर. पण आपली चूक दाखवायची कुणी?"

"दाखवणाऱ्याला तुम्ही फासावर चढवलंत," म्हातारी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सुलतानानं उरलेल्या सहांना तुरुंगातून काढून त्यांच्या जागांवर बसवलं. म्हणाला, "बोला आता. माझं काय चुकतंय?"

सहाही जण माना खाली घालून म्हणाले, "हुजूर म्हणतील तसं."

चूक दाखवणाऱ्याला जो धर्माचा शत्रू ठरवतो, त्याला चुकीपासून वाचवायला शेवटी कुणीच उरत नाही.