अंगणात रोवलेली काठी

पंचांग अजून कुणी मांडलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. सोमाईने अंगणात एक काठी रोवली होती. रोज भर दुपारी काठीच्या सावलीच्या टोकाशी ती एक खडा ठेवायची.

सोमाईच्या नवऱ्याच्या हातातली काठी हसायची, "मी सात डोंगर पालथे घातले. जागची न हलता तुला काय कळणार?"

त्या हिवाळ्यात दिवस फारच आखडले. सूर्य रोज दक्षिणेला सरकत होता आणि दुपारची सावली रोज कालच्या खड्याच्या पुढे जात होती. तो आपल्याला सोडून चालला म्हणून घाबरून गावाने गाठोडी बांधली.

तेवढ्यात रोवलेली काठी म्हणाली, "सोमाई, आज माझी सावली कालच्या खड्याच्या अलीकडेच थांबली. सूर्य परत फिरलाय."

गाठोडी सुटली, ढोल वाजले.

"तुला कसं कळलं?" भटक्या काठीने विचारलं.

"मी हलले असते, तर तो हलला हे कसं कळलं असतं?"