कोथळा कुणी धुतला?

स्कॉटलंड म्हणून एक थंडगार डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या एका गावात डूगल नावाचा मेंढपाळ राहायचा. कामाला वाघ, पण डोकं कायम तापलेलं. बायको एफी मात्र सबुरीची.

मेंढ्या सगळ्या जमीनदाराच्या. मेंढपाळांच्या बारा झोपड्याही त्याच्याच. थंडीच्या तोंडाला हवेलीवर मेंढ्या कापायचे. मटण आत जायचं. कोथळे, कलेजी, फोपसं बाहेर फेकून द्यायचे. ते मेंढपाळांच्या बाया उचलायच्या. ओढ्याच्या बर्फागत पाण्यात कोथळा सात वेळा धुवायच्या. कलेजी, फोपसं बारीक चिरून, ओटचा भरडा, चरबी, कांदा, मिरी घालून कोथळ्यात भरायच्या, तोंड शिवायच्या आन् रटरटा उकडायच्या. त्याला म्हणायचे हॅगिस. आपल्याकडं वजडी खाणाऱ्याला जास्त सांगायला नको.

वर्षातनं त्या एका दिवशी पोरं पोटभर जेवायची. रीत अशी, की जिनं कोथळा धुतला, पहिला घास तिचा. जमीनदार नाक दाबून म्हणायचा, "कुत्र्याचं खाणं!"

एका साली लंडनचा एक बडा सरदार शिकारीला आला. धुक्यात वाट चुकला आन् डूगलच्या झोपडीत शिरला. एफीनं त्याला हॅगिस वाढलं. बोटं चाटतच तो हवेलीवर गेला.

"काय चव हो तुमच्या मुलखाची!" तो म्हणाला.

जमीनदारानं लगेच छाती फुगवली. "आमच्या घराण्याचंच खाणं ते. पुढच्या साली या, पंगत घालतो."

आता बघा हा निर्लज्जपणा! काल थुंकत होता, आज घराण्याचं झालं!

पुढच्या साली हुकूम सुटला. कोथळे, कलेजी, सगळं हवेलीत. एक तुकडा बाहेर जाणार नाही. धुवायचं मात्र मेंढपाळांच्या बायांनीच. बारा घरांतल्या पोरांच्या ताटात नुसती पेज आली.

डूगल ओढ्यावर गेला तो पाय आपटतच. "धू नको नीट! खाऊ दे त्या मुडद्याला शेणासकट!"

एफी पाण्यातच उभी होती. हात लालबुंद, बोटं चिरलेली. "अवं, राग मालकावर हाय ना? मग कोथळ्यावर का काढता? माझ्या हाताखालनं घाण जायची न्हाई."

तिनं सात पाणी पुरी केली. डूगल पाय आपटतच माघारी फिरला.

दुपारी पंगत बसली. सरदार होता, लंडनच्या चार बाया होत्या, चार बाप्ये होते. ताट आणायचं काम डूगलवर आलं. जमीनदार सुरी घेऊन उभा राहिला आन् सांगू लागला, "माझ्या पणज्यापासून ही रीत..."

डूगल ताट घेऊन तिथंच थांबला.

"ठेव," जमीनदार म्हणाला.

"ठेवतो, मालक. धुणाराचा पहिला घास असतोय. कुणी धुतला सांगा, त्याच्याम्होरं ठेवतो."

"ठेव म्हणतो ना! नाहीतर उद्या झोपडी खाली कर!"

बाहेर बर्फ पडत होतं. घरात तीन कच्चीबच्ची. पण डोळ्यांपुढनं एफीची चिरलेली बोटं हलेनात.

"झोपडी घ्या," तो म्हणाला. "खोट्याच्या म्होरं मी हे ताट ठेवणार न्हाई."

सरदारानं त्याला ओळखलं. गालात हसत जमीनदाराला म्हणाला, "घराण्याचं खाणं ना? मग किती पाण्यानं धुतात, तेवढं सांगा की."

"दोन... दोन पाण्यानं."

"दोन पाण्यात मेंढीचं शेण तरी निघतंय व्हय!" डूगल गरजला.

चारी बायांनी रुमाल नाकाला लावले. एकजण तर उठून पळालीच. जमीनदाराचं तोंड काळंनिळं झालं.

"घेऊन जा ते!" तो ओरडला. "कुत्र्याचं खाणं!"

सरदार खुर्ची सारून उठला. "मग तुमचं घराणं कुणाचं म्हणायचं?"

ताट अंगणात आलं. पहिला घास एफीनं खाल्ला. मग बारा घरची पोरं तुटून पडली.

दुसऱ्या दिवशी डूगलनं बोचकं बांधलं. बाहेर येऊन बघतो तर बाराही झोपड्यांपुढं बोचकी.

"तुमी कशाला रं?"

शेजारचा टॉर्किल म्हणाला, "तुझ्यासारखं ओरडणारं माणूस गेल्यावर आमाला झोप कशी लागंल?"

तिकडं मेंढ्या भुकेनं ओरडत होत्या. जमीनदार स्वतः मेंढ्यांच्या वाड्यात शिरला आन् हाका मारू लागला. घसा बसला, पण एक मेंढी वळली नाही. दुपारी तो शेणानं भरलेल्या बुटांनिशी झोपड्यांकडं आला.

"राहा," तो पुटपुटला. "कोथळेही घ्या."

सगळे डूगलकडं बघू लागले. बोलली मात्र एफी. "ज्या मेंढीचा कोथळा आमी धुतो, तिची एक मांडी बी आमची."

जमीनदारानं मान हलवली. करतो काय!

तात्पर्य: ज्यांच्या खाण्याला नाकं मुरडली, त्यांची चव आपल्या नावावर करू नका. ज्यानं घाण धुतली, पहिला घास त्याचाच, आन् तो मागायला त्यानं लाजू नये.