कागदातला घड

बागायतदार रंगरावांचा सगळा जीव द्राक्षांत. घड उन्हानं भाजू नयेत म्हणून ते कागदात गुंडाळून घेत, वेलींना ठिबकनं पाणी पाजत. मजूर मात्र पाण्याला निघाले की रंगराव खेकसत, "सुट्टीत प्या! विहीर काय पळून चाललीय?"

एका दुपारी मजुरांतली कौसाबाई डोक्याला कागद गुंडाळून वेलींच्या ओळीत ताठ उभी राहिली.

"हे काय सोंग?" रंगराव ओरडले.

"माणूस म्हणून पाणी मागून दमलो, मालक. आता घड समजून तरी जपा."

रंगरावांची मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी बांधावर मांडव उभा राहिला, माठ आले. बायांनी पहिला तांब्या कौतुकानं कौसाबाईला दिला. तिनं तो न पिताच खाली ठेवला.

"उन्हात पाण्यावाचून राबून आमच्या घरच्या कारभाऱ्यांच्या किडन्या गेल्या," ती म्हणाली, "तेव्हा मी इथंच गप घड गुंडाळत होते."